सहीखालची जागा

"बूथवर सावली आहे का?"

आमच्या ऑफिसात कुठल्याही नव्या निवडणुकीचं काम आलं की काकांचा पहिला प्रश्न हाच असे. समोर पडद्यावर नकाशा लागलेला असायचा, त्यावर वयाचे, जातींचे, मागच्या वेळच्या मतांचे रंगीत गोळे असायचे, सगळी तरुण मंडळी माना पुढे काढून बघत असायची आणि मागच्या खुर्चीतून हा प्रश्न यायचा. चष्मा कपाळावर सरकवलेला, उजव्या हाताचा पंजा भुवयांवर आडवा धरलेला, जणू ऊन खुद्द त्यांनाच लागतंय.

कोणी हसलं तर ते चिडत नसत. "हसा भिया, हसा," म्हणत. "पण दुपारी बारा वाजता रांगेत एखादी म्हातारी उभी असते. सावली नसली की ती घरी जाते. तुमच्या या गोळ्यांत ती दिसून राहिली का कोणाला?"

ती कोणालाच दिसत नसे. मग ते समाधानाने चष्मा पुन्हा नाकावर घेत.

मी त्या ऑफिसात मजकूर लिहायचे. आमचं काम काय होतं ते आधी सांगते, कारण घरी मी ते कधी नीट सांगितलं नाही. आईला वाटायचं, मी जाहिरात कंपनीत आहे. राजकीय पक्षांना आम्ही निवडणुका जिंकायला मदत करायचो. कोणाला काय सांगायचं, कोणाच्या फोनवर काय पाठवायचं, कुठल्या वस्तीत कुठला प्रश्न उकरून काढायचा, हे सगळं ठरवून द्यायचं. इंदौरात, भंवरकुआं भागात, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर ऑफिस होतं. खाली स्पर्धा परीक्षेची मुलं राज्यघटना पाठ करायची आणि वर आम्ही बसलेलो असायचो. लिफ्ट एकच होती.

काकांना आणलं ते बूथचा माणूस म्हणून. सरकारी शाळेत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते. पणजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, त्यामुळे कागद जपणं रक्तातच आहे असं ते सांगत. नोकरीत असताना प्रत्येक निवडणुकीत त्यांना ड्युटी लागायची. मतदान केंद्राचा प्रमुख, ज्याला आमच्याकडे पीठासीन अधिकारी म्हणतात, ते काम त्यांनी इतक्या वेळा केलं होतं की ती पेटी, ती लाख, ते शिक्के यांच्याविषयी ते माहेरच्या माणसांसारखं बोलत. नाव मी इथे लिहीत नाही. त्यांचं नाव मी एकदा एका कागदात लिहिलं आहे. ते पुढे सांगेनच. पुन्हा लिहायचा हक्क मला उरलाय असं वाटत नाही.

मालकापासून लिफ्टवाल्यापर्यंत ते सगळ्यांना 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणत. मला मात्र 'बेटा'. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, आणि आमचं मराठीही तुम्हाला माहीत आहे तसं, अर्धं हिंदीत भिजलेलं. बाकीची मुलं त्यांना अंकलजी म्हणत. डबा उघडला की आधी शेवेची पुडी फिरायची. भाजी कुठलीही असो, दोडक्याची किंवा कोहळ्याची, तिच्यावर शेव पडल्याशिवाय ते घास घेत नसत. "काकूंना राग नाही येत?" मी एकदा विचारलं. "येतो ना. पण मतलब, तिच्यासमोर नाही टाकत मी. गुप्त मतदान."

काम त्यांना साधंच दिलेलं होतं. मतदारयाद्या तपासायच्या, कुठल्या केंद्राला किती वस्त्या जोडल्या आहेत ते पाहायचं. पण ते यादी वाचायचे ती बातम्या वाचाव्यात तशी. "ए बेटा, इकडे ये. ही बाई बघ. वय चौऱ्याण्णव. अजून यादीत आहे. शाब्बास!" त्या चौऱ्याण्णव वर्षांच्या बाईला, आम्ही कधीही न पाहिलेल्या, ते कंप्युटरच्या पडद्याकडे बघून मान लववीत.

दोन-तीन वर्षं आम्ही इकडच्याच निवडणुका केल्या. मग मालकाला बाहेरचं काम मिळालं. समुद्रकाठचा एक लहानसा देश. मालक आणि दोघे तिकडे जाऊन आले, बाकीचे आम्ही इथेच बसून काम करणार होतो. मालक तिशीतला, परदेशात शिकलेला, बोलायला अतिशय गोड. तो म्हणाला, "सोचिए, इंदौर से बैठकर एक देश की सरकार बनेगी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

काकांनी दुसऱ्या दिवशी त्या देशाचा नकाशा घरून काढून आणला. स्वतःच्या हाताने, शाळेतल्यासारखा, निळ्या पेन्सिलीने समुद्र रंगवून. गावांची नावं त्यांना उच्चारता येत नसत. ती ते माळवी थाटात म्हणायचे आणि दर वेळी शेवटचं अक्षर लांबवायचे. तिथे पाऊस कधी येतो, मासेमारी बंद कधी असते, बाजाराचा वार कोणता, हे सगळं त्यांनी समुद्राभोवती बारीक अक्षरात लिहिलं होतं. तो नकाशा कोणी मागितला नव्हता, आणि खरं सांगायचं तर कोणी पाहिलाही नाही.

आता ती शाईची गोष्ट.

एके दिवशी जेवताना विषय निघाला की माणसं मत द्यायला का येत नाहीत. काका खुलले. गौतमपुऱ्याच्या बाजूला एका खेड्यात त्यांची ड्युटी होती. सकाळपासून पुरुष येऊन मत देऊन गेले, पण बारा वाजले तरी एकही बाई आली नाही. बायका समोरच्या ओट्यावर जमल्या होत्या, बघत होत्या, पण रस्ता ओलांडत नव्हत्या. काकांना काही कळेना. शेवटी शाळेची शिपाईण हळूच म्हणाली, साहेब, काल कोणीतरी मोटरसायकलवर येऊन सांगून गेलंय, बोटाला लावतात ती स्याही अंगात उतरते आणि पाजणाऱ्या बाईचं दूध आटतं.

"मग?" आम्ही सगळ्यांनी विचारलं.

"मग काय! माझ्या टीममध्ये एक मास्तरीणबाई होत्या. लेकरू सहा महिन्यांचं, म्हणून सासूला बरोबर घेऊन आलेल्या. मी त्यांना म्हटलं, बाई, नियमात बसत नाही, पण तुमच्या बोटाला स्याही लावतो. त्या हसल्या. लावली. त्या बाहेर गेल्या, निंबाखाली सगळ्या बायांच्या देखत बसल्या, स्याहीचं बोट असं वर धरलं आणि पदराखाली घेतलं लेकराला. पाऊण तास. लेकरू पिऊन झोपलं तिथेच. तीन वाजता जी रांग लागली बेटा, पाच वाजता दार बंद करताना आत ऐंशी बाया!"

"आणि वाया गेलेल्या स्याहीचं काय लिहिलंत डायरीत?" मी विचारलं.

"लिहिलं, सांडली." ते ओशाळून हसले. "सरकारी कागदावर तेवढंच एक खोटं लिहिलं मी आयुष्यात."

आम्ही आठ जण होतो त्या टेबलावर. सगळे हसलो. तुम्हीही असता तर हसला असता, आणि त्या मास्तरीणबाईंना मनातल्या मनात नमस्कार केला असता. मीही केला. पण माझ्या डोक्याने त्याच वेळी दुसरी एक गोष्ट उचलून ठेवली होती, आणि ते मला आठवड्याभराने कळलं.

त्या देशात किनाऱ्यावर कोळ्यांच्या वस्त्या होत्या. तिथले पुरुष होड्या घेऊन बाहेर असायचे, मत द्यायच्या त्या बायका, आणि त्या सगळ्या आमच्या विरुद्ध पक्षाला द्यायच्या. त्यांना वळवणं शक्य नाही हे दिसतच होतं. मीटिंगमध्ये मालक म्हणाला, वळवायचं नाही, फक्त त्या दिवशी घरी बसवायचं. कसं? काका त्या मीटिंगला नव्हते. आणि मी म्हणाले, "स्याही."

मला कोणी विचारलं नव्हतं. धमकी नव्हती, नोकरी जाण्याची भीती नव्हती. खोलीत शांतता होती आणि माझ्याकडे उत्तर होतं, एवढंच कारण. वर्गात हात वर करणाऱ्या मुलीसारखं मी ते सांगून टाकलं. मालकाने खुर्चीतून उठून माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "ये! ये चाहिए मुझे." मला तेव्हा आनंद झाला. तो आनंद मला अजून जसाच्या तसा आठवतो आणि त्याचं काय करावं ते कळत नाही.

मजकूर मीच लिहिला. आवाजाचा निरोप, एका नर्सचा. 'मी नर्स आहे. मीही आई आहे. मी कोणाच्या बाजूने बोलत नाही. एवढंच सांगते, बाळाला पाजत असाल तर या वेळी बोटाला शाई लावून घेऊ नका. मत पुढच्या वेळी देता येईल. बाळ दुसरं मिळत नाही.' शेवटचं वाक्य सुचलं तेव्हा मी उठून खिडकीपाशी एक फेरी मारून आले, चांगलं वाक्य सुचलं की मारते तशी. तिकडच्या एका बाईने ते त्यांच्या भाषेत बोलून दिलं. मी सांगितलं होतं, आवाज दमलेला हवा, पण मायाळू.

इंदौरमध्ये मी हे केलं नसतं. इथे कोणत्याही वस्तीत कोणीतरी आईच्या ओळखीचं निघतं, कोणाची तरी मामेबहीण तिथे दिलेली असते. तिथे आमचं कोणीच नव्हतं. त्या देशातल्या बायका माझ्यासाठी पडद्यावरचा हिरवा गोळा होत्या, आणि गोळ्याला बाळ नसतं.

मतदानाच्या दिवशी तिकडून फोटो येत होते. कोणत्या केंद्रावर रांग किती, ते बघून आम्ही आकडे भरत होतो. काका फोटो मोठे करून बघत होते, नेहमीसारखे, एकेक चेहरा. दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले. हातात एका फोटोची प्रत होती.

"बेटा, ह्या बाया आत का नाही जाऊन राहिल्या?"

मी फोटो पाहिला. केंद्रासमोरच्या रस्त्यापलीकडे पंधरा-वीस बायका उभ्या होत्या. काहींच्या कडेवर मुलं. सगळ्या केंद्राच्या दाराकडे बघत होत्या.

"सावली नसेल, काका," मी म्हटलं.

त्यांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. मग शांतपणे म्हणाले, "सावली आहे. झाडाखालीच उभ्या आहेत."

आणि परत आपल्या जागी जाऊन बसले.

आमचा पक्ष जिंकला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कचोऱ्या आणि जिलबी आली. काकांनी जिलबी कागदात बांधून बाजूला ठेवली, काकूंना नेतो म्हणाले. ती संध्याकाळी तिथेच राहिली होती.

चार दिवसांनी तिकडच्या वर्तमानपत्रांची कात्रणं आली. ती वाचून फाइलला लावायचं काम काकांचं होतं. डिक्शनरी जवळ घेऊन ते इंग्रजी बातम्या वाचत. एक बातमी त्यांनी दोनदा वाचली, मग तिसऱ्यांदा, मग ती घेऊन उभे राहिले. किनाऱ्यावरच्या एका तरुण बाईने मतदान सुरू होताच जाऊन मत दिलं होतं. घरी आल्यावर तिने तो निरोप ऐकला. तिने शाई काढायला बोट कपडे धुण्याच्या पावडरीत बुडवलं, मग दगडावर घासलं, सालटं निघेपर्यंत. आणि बाळाला पाजणं बंद केलं. तीन दिवस साखरेचं पाणी दिलं. बाळाला दवाखान्यात ठेवलं आहे, असं शेवटी लिहिलं होतं.

बाळाचं पुढे काय झालं ते त्या बातमीत नव्हतं. नंतरच्या कात्रणांत मी शोधलं. कशातच नव्हतं.

काकांनी आमच्या कोणाकडेही पाहिलं नाही. कागद टेबलावर ठेवून ते म्हणाले, "ही गोष्ट मी सांगितली होती." एवढंच. मग मालकाच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं.

"भिया, तिथल्या निवडणूक ऑफिसला कळवायला पाहिजे."

"क्या कळवायचं, अंकलजी?" मालक त्यांच्याशी बोलताना मध्येच मराठी शब्द घालायचा, लाडाने. "अफवाह थी. उधर ऐसी सौ अफवाहें चलती हैं. सामने वाले भी यही करते हैं."

"अपने गावात केलं असतं?"

"अपने यहाँ कानून है."

"मतलब तिथे माणसं नाहीत?"

मालक उठला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, कामावर घेताना तुम्ही कागदावर सही केली आहे, इथली गोष्ट बाहेर सांगणार नाही म्हणून. तुमच्या वयाच्या माणसाला कोर्टात जावं लागावं असं मला वाटत नाही. हे तो खरंच काळजीने बोलला. तीच त्याची खुबी होती.

काका बाहेर आले. चालताना थोडं थांबले, कोणाला काही विचारावं तसं, आणि मग चपला घालून घरी गेले. मी उठले नाही. उठून जिन्यापर्यंत गेले असते तर काय बोलायचं ते मला माहीत होतं, म्हणूनच उठले नाही.

दोन दिवसांनी ते आले ते एक पत्र घेऊन. साध्या फुलस्केपवर, निळ्या शाईच्या पेनने, इंग्रजीत, तीन पानं. त्या देशाच्या निवडणूक आयुक्तांना. "बेटा, इंग्रजी जरा बघून दे. मी भूगोलवाला."

मी वाचलं. त्यांनी आपण कोण, किती निवडणुकांवर ड्युटी केली, सगळं लिहिलं होतं. मग लिहिलं होतं की ही गोष्ट मी एका जेवणाच्या वेळी गंमत म्हणून सांगितली, तिचा असा उपयोग झाला, आणि त्याला मी जबाबदार आहे. त्या आईचा पत्ता मिळाल्यास तिला हे कळवावं की शाईने काही होत नाही, मी स्वतः पाहिलं आहे. कोणी लिहिलं, कोणी सुचवलं, यातलं एक अक्षरही नव्हतं. खाली त्यांची सही होती, आणि सहीच्या खाली चांगली चार बोटं जागा कोरी सोडलेली होती.

"ही जागा?" मी विचारलं.

"राहू दे," ते म्हणाले. "कोणाला काही जोडायचं असलं तर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत राहिले. त्यांना माहीत होतं. आठ जणांपैकी कोण, हे कळायला त्यांना कात्रणात इंग्रजीत छापलेला तो निरोप एकदा वाचणं पुरेसं झालं असणार. माझं लिहिणं त्यांनी तीन वर्षं वाचलं होतं.

मी लाल पेन घेतलं. तीन पानांत सतरा ठिकाणी खुणा केल्या. क्रियापदं दुरुस्त केली, दोन स्पेलिंगं सुधारली. 'मी जबाबदार आहे' या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. ते मी तसंच ठेवलं. मग म्हटलं, "काका, पत्र पुन्हा लिहाल तेव्हा सही जरा खाली घ्या. जागा फार सुटली आहे, बरं दिसत नाही."

"हो?" ते म्हणाले. "बरं."

त्यांनी पत्राची घडी घातली. "बाकी सगळं बरोबर आहे ना, बेटा?"

"हो काका."

पत्र त्यांनी जीपीओत जाऊन रजिस्टर्ड टाकलं. पुन्हा ऑफिसात आले नाहीत. त्यांच्या खुर्चीवर काही दिवस कोणी बसलं नाही, मग कुरियरची पाकिटं ठेवायला ती सोयीची पडू लागली.

पत्र पोचलं. तिकडच्या एका वर्तमानपत्राने ते छापलं, भारतातल्या एका निवृत्त मास्तरांचं पत्र म्हणून, आणि आमच्या कंपनीबद्दल विचारपूस सुरू झाली. फार काही नाही, दोन आठवडे. तिथला विरोधी पक्ष बोलला, तिथलं सरकार, म्हणजे आम्ही निवडून आणलेलं सरकार, बोललं नाही. मालकाने मला बोलावलं आणि एक खुलासा लिहायला सांगितला.

मी लिहिला. सदर गृहस्थ, इथे त्यांचं पूर्ण नाव, हंगामी तत्त्वावर काम करत होते. वय आणि प्रकृती यांमुळे घटनांच्या क्रमाबाबत त्यांचा गोंधळ झाला असावा. कंपनी त्यांना उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा देते. हा शेवटचा भाग माझाच. मालक म्हणाला, "ये वाला टच बहुत अच्छा है." या वेळी मी खिडकीपाशी गेले नाही. पण लिहिला मीच, आणि वीस मिनिटांत लिहिला.

इथल्या एका हिंदी पेपरात आतल्या पानावर तो आला. सकाळी नऊला काकांचा फोन. मी घाबरतच उचलला.

"बेटा, वाचलं," ते म्हणाले. "तब्येतीसाठी शुभेच्छा दिल्यात, सगळ्यांना धन्यवाद सांग. आणि काय, आई बरी आहे ना?"

आई बरी होती. मी तसं सांगितलं. त्यांनी फोन ठेवला. मी त्या बोलण्यात टोमणा शोधत राहिले, तो सापडला असता तर बरं वाटलं असतं. सापडला नाही.

त्यांच्यामुळे मी ती नोकरी सोडली, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्यानंतर मी आणखी एका देशाचं काम केलं. मग मालकाने सगळं गुंडाळून दिल्लीला नेलं आणि मी गेले नाही, कारण आईला सोडून जाणं शक्य नव्हतं. आता मी त्याच इमारतीतल्या कोचिंग क्लासची माहितीपत्रकं लिहिते. लिफ्ट तीच आहे.

काका वारले त्याच्या पंधरा दिवस आधी मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांना झटका आला होता, डावी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती, हे मला त्याच्या महिनाभर आधीच कळलं होतं. तेव्हा लगेच गेले नाही. खरं तर ते धडधाकट होते, बोलत होते, फोनवर आईची चौकशी करत होते, तेव्हा वर्षभरात कधीही जाता आलं असतं. अन्नपूर्णेच्या मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर घर. देवळात मी दर मंगळवारी जात होते.

काकूंनी दार उघडलं. बारीक, ताठ, केस पांढरेशुभ्र. त्यांनी मला ओळखलं. पेपरात आलेलं त्यांनी वाचलं होतं का, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. "या. ऐकतात सगळं. बोलता नाही येत. तुम्ही बसा, तोवर मी औषधं घेऊन येते," त्या म्हणाल्या आणि पिशवी घेऊन बाहेर पडल्या.

पलंग खिडकीला लागून होता. मी त्यांच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसले. त्यांनी मला पाहिलं, आणि डोळ्यांत ओळख आली. मी त्यांचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. पहिल्यापासून, क्रमाने. मीटिंगमध्ये ते मीच म्हणाले. नर्सचं बोलणं मी लिहिलं. ती जागा कशासाठी होती ते मला तेव्हाच कळलं होतं. खुलासा मी लिहिला. आवाज खाली-वर न होऊ देता बोलले, मला ते चांगलं येतं. बोलताना मला हेही कळत होतं की मी यासाठी अशी वेळ निवडली आहे, जेव्हा समोरच्या माणसाला काही म्हणता येणार नाही.

त्यांनी मध्ये एकदा डोळे मिटले. सगळं सांगून झाल्यावर उघडले, माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग चेहरा खिडकीकडे वळवला. हात मात्र माझ्या हातातच राहू दिला. त्या हातात सोडवून घेण्याइतकी ताकद होती, एवढं मला जाणवलं.

बाहेर गल्लीत समोरच्या घराला रंग देणं चाललं होतं. शिडीवर एक रंगारी होता, भिंत फिकट पिवळ्या रंगाने भरत होता, वरून खाली, सावकाश. काका त्याच्याकडे बघत राहिले. मीही. मधल्या वेळात आम्ही दोघांनी तेवढंच केलं. अंधारून यायला लागलं तसा रंगारी खाली उतरला, त्याने डब्यात ब्रश धुतले, शिडी खांद्यावर घेतली आणि निघून गेला. काका त्या अर्ध्या भिंतीकडे बघत राहिले.

काकू आल्या, त्यांनी दिवा लावला. मी हात सोडवला आणि उठले. "येते काका," म्हटलं. त्यांचा चेहरा खिडकीकडेच होता.

दारात चपला घालताना एक गोष्ट काकूंना विचारता आली असती. एकदा तिकडे वळवलेली मान त्यांना स्वतःहून परत इकडे आणता येत नाही का? त्या हो म्हणाल्या असत्या किंवा नाही म्हणाल्या असत्या. मी न विचारता जिना उतरले.